एका दारुड्याची दोन औषधं

"आ कर. आ कर म्हणतो ना. जबडा उघड."

माझा थोरला भाऊ ओरडत होता. बैलाला नळीनं औषध पाजताना धरतात तसा त्यानं माझा जबडा धरला होता. बैठकीत लातूरकडचे सात पाहुणे पोहे खात होते, त्या सातांचे सात चमचे हवेत थांबले. भावाच्या मोठ्या पोरीची सुपारी त्या दिवशी फुटायची होती.

मी आ केला. मला खरं म्हणजे बोलायचं होतं, पण शब्दाच्या आधी सकाळची भाकरी बाहेर आली आणि भावाच्या परीटघडीच्या धोतरावर पडली. डोकं असं ठणकत होतं की घाटनांदूर स्टेशनात उभ्या मालगाडीला ऐकू जावं. छातीत कुणीतरी कडबाकुट्टीचं यंत्र चालू करून निघून गेलं होतं. अंग कपाळापासून बेंबीपर्यंत बिटासारखं लाल झालं होतं, असं पुढं बऱ्याच जणांनी सांगितलं.

"प्यालाय," भाऊ म्हणाला. पाहुण्यांकडं बघायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाला.

"दादा, न्हाई प्यालो."

हे वाक्य मी त्याआधी किमान दहा हजार वेळा बोललो असेन. दर वेळी ते खोटं होतं आणि दर वेळी ते ठणठणीत आवाजात, डोळ्याला डोळा भिडवून, गरज पडली तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणत असे. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं आणि ते इतकं मरतुकडं निघालं की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

आता मागचं सांगतो. आमचं घाटनांदुरात किराणा दुकान. नव्वदीनंतरची ती पहिली वर्षं. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, बाटलीतली काळी थंडाई आली होती, शेजारी एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता, आणि स्टेशनच्या वाटेवर बियर बार उघडला होता. सरकारनं देश मोकळा केला आणि तो पहिल्यांदा मी वापरून बघितला. किती प्यायचो ते सांगितलं तर खोटं वाटेल. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीनं माझ्यापुढं हात टेकले असते एवढंच धरा. गावात माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची पद्धत होती. मी ती ओळखून आधीच दुप्पट सांगायचो.

आमचं घर शिवभक्तांचं. भावाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कांदा सोडला तर कसलंही व्यसन नाही. दुकानाचं शटर वर करायच्या आधी तो रोज माझी हजेरी घ्यायचा. मी त्याच्यासमोर उभं राहायचं, "हाऽ" करायचं, त्यानं हुंगायचं. काय प्यालो, कुठं प्यालो आणि सोबत फरसाण होतं का शेंगदाणे, हे तो नाकानं सांगायचा. एकदा तर त्यानं सोबत बसलेल्या माणसाची जातपात सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

सुपारीची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यानं मला देवघरात नेलं. "पाहुणे येऊन सुपारी फुटंस्तोवर एक थेंब जरी दिसला तर ह्या दुकानात पाय ठेवायचा न्हाई. तुझ्या बायकोला आन् लेकरांला मी सोता माहेरी पोचवीन." मी विभूती लावून शपथ घेतली. बायकोनं पलंगाखालची ट्रंक ओढली, लुगडी, लेकरांचे कपडे, दाखले भरले आणि ट्रंक दाराशी आणून ठेवली. रोज त्या ट्रंकेला वळसा घालून मला बाहेर पडावं लागायचं.

मी सोडली. पहिले चार दिवस काय झालं ते सांगायला बसलो तर रात होईल. अंग असं थरथरायचं की पलंग चालत चालत मोरीपाशी जायचा. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, आणि त्या मुंग्या कॅलेंडर उचलून चालल्या होत्या. पण सोडली. आता ती टिकवायची कशी, यावर आमच्या घरात जेवढी डोकी तेवढी मतं होती.

बायकोचं मत डॉक्टरचं. मला शपथेच्या आधीच तिनं एकदा आंबेजोगाईला नेलं होतं. चष्मेवाला तरुण डॉक्टर, नवाच दवाखाना, भिंतीचा रंग अजून बोटाला लागत होता. त्यानं सरळ सांगितलं, "ही गोळी रोज घ्यायची. ही पोटात असताना दारू घेतली तर मरण समोर दिसेल, कधीकधी येईलसुद्धा. म्हणून तुमची स्वतःची तयारी असेल तरच. चोरून कुणी कुणाला द्यायची नाही." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, भ्यायला लावून सोडायची असती तर आमच्या बंधूंचं तोंड बघून कधीच सुटली असती." आणि बाहेर येऊन मी चिठ्ठी फाडली. बायकोनं दोन्ही तुकडे उचलले. मला वाटलं, बाई स्वच्छतेची आवड असलेली आहे.

भावाचं मत वैद्याचं. इंग्रजी औषध गरम पडतं, किडनी खातं, असं त्याचं पक्कं. केजच्या बाजाराला एक म्हातारे वैद्य बसायचे, त्यांचं आसव भाऊ स्वतः कित्येक वर्षं गॅससाठी घेत होता. वैद्य म्हणाले, "दारूनं भूक मेलीय ह्याची. भूक उठली की दारूची आठवण उठत न्हाई." मग रोज सकाळी आम्ही दोघं भाऊ देवघराबाहेर उभे राहायचो आणि चार चार चमचे आसव, तेवढंच पाणी घालून, डोळे मिटून घ्यायचो. मला ते लई मानवलं. घेतलं की जरा हुशारी वाटायची, जग बरं दिसायचं. ते का दिसतं याची चौकशी मी केली नाही. चालू गाडीचं बॉनेट कावून उघडायचं?

तिसरं मत शेजारच्या गॅरेजवाल्याचं. हा मुसलमान मिस्तरी माझा शाळेपासूनचा दोस्त, दारूच्या थेंबाला न शिवलेला. त्याचं म्हणणं औषधच नको. "तुझे हात रिकामे राहिले की ते तोंडाकडं जातात बे," म्हणून त्यानं दुकानातून मोकळा झालो की माझ्या हातात एका मॅटॅडोरचा गिअरबॉक्स दिला. तो मी सात वेळा खोलला आणि सात वेळा जोडला. सातव्या वेळी दोन नट उरले. ती मॅटॅडोर अजून पळते, आणि दोन नट कमी झाल्यामुळं जास्त पळते असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

दोन आठवडे असे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात काहीतरी बिनसलं. सकाळी आसव घेतलं की घटकाभरानं तोंड तापायचं, कानशिलं उडायची, छाती धडधडायची, आणि तासाभरात सगळं निवायचं. मी वैद्यांना सांगितलं. ते खूश झाले. "विष बाहेर पडतंय, चालू ठेवा." भाऊ खूश झाला. मीही खूश झालो, एवढं विष माझ्यात मावलं होतं याचा थोडा अभिमानही वाटला. बायको तेवढी माझ्याकडं बघायची, वरण वाढायची आणि तोंड फिरवून चुलीकडं जायची. मला वाटलं, काळजी करते.

सुपारीच्या दिवशी नारळाचं ताट माझ्या हातात द्यायचं ठरलं होतं. म्हणजे गावाला, पाहुण्यांना आणि मला स्वतःला कळावं की हा माणूस सुधारला. त्या ताटाच्या विचारानंच माझे हात हलायला लागले. भावानं ते बघितलं. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं, चमचा शोधला नाही, पाणी घातलं नाही, आसवाची बाटली फुलपात्रात उपडी केली. "घे. आज जास्त घे. हात थांबंल."

हात थांबला. बाकीचं सगळं सुरू झालं.

तर मी बैठकीत जमिनीवर पडलो होतो आणि पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणत होता, "ताक पाजा. आंबट ताक पाजलं की उतरती." दुसरा म्हणाला लिंबू. भाऊ म्हणाला, "काय पाजू नका. आतल्या खोलीत टाकून कडी लावा. उतरंल संध्याकाळपतोर." आणि दोघांनी माझ्या काखेत हात घातले.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर येत नाही. चौदा वर्षं माझी बायको त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर ती दाराच्या चौकटीला सांगायची, "चहा ठिवलाय म्हणावं," आणि चौकटीनं ते भावाला सांगितलं असं समजायचं. ती आता उंबरा ओलांडून बैठकीत आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड सरळ भावाकडं.

"कडी लावू नका. उतरणार न्हाई ते. मी गोळी दिलीय."

ताकवाल्या म्हाताऱ्यानं पोह्याची बशी खाली ठेवली आणि हळूच लांब सरकवली.

"कसली गोळी?" भाऊ म्हणाला.

"डाक्टरची. दारू सुटायची. आठ दिस झाले, वरणात देती. तिच्यावर प्यालं तर जीव जातो म्हणलेत डाक्टर." मग ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कावून प्यालात? आजच्या दिवशी कावून प्यालात?"

तेव्हा मला चिठ्ठीचे ते दोन तुकडे आठवले. तिनं ते भाताच्या शितानं चिकटवले होते, हे नंतर कळलं. ट्रंकेजवळून येता जाता ती मला रोज बघत होती; एका दुपारी मी बारसमोर नुसता उभा दिसलो, तेव्हा तिचा धीर सुटला होता आणि ती एकटी जीपनं जाऊन गोळ्या घेऊन आली होती.

"मी न्हाई प्यालो," मी म्हटलं.

"गोळी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली.

सगळ्या घराविरुद्ध मी भांडलो असतो. पण आता माझंच शरीर माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि मी इतकी वर्षं या बाईशी इतकं खोटं बोललो होतो की गोळीच्या शब्दाला माझ्या शब्दापेक्षा जास्त किंमत होती. त्यातच माझे ओठ निळे पडायला लागले असावेत, कारण भाऊ एकदम धोतर सावरत बाहेर धावला आणि त्यानं मिस्तरीला हाक मारली.

मिस्तरी गिऱ्हाइकाची जीप घेऊन आला. "दादा, ब्रेक अर्धेच भरलेत."

"अर्धे लई झाले. चल."

आंबेजोगाईपर्यंतचा तो रस्ता. मागच्या बाकावर मी आडवा, डोकं बायकोच्या मांडीवर, पुढं भाऊ आणि मिस्तरी. उतारावर मिस्तरी गिअर पाडून गाडी थांबवायचा आणि प्रत्येक वेळी इंजिन असं किंचाळायचं की दोन्ही बाजूंची ज्वारी वाकून बाजूला व्हायची. मला श्वास पुरत नव्हता. आभाळ जीपच्या फाटक्या ताडपत्रीतून येत होतं आणि जात होतं. बायकोची दोन बोटं माझ्या मनगटावर होती. मधेच तिचं बोट नाडी शोधत सरकायचं, आणि ती सापडेपर्यंत आम्ही दोघंही थांबायचो.

"कुठं ठिवली हुती?" ती विचारत होती. "कोठीत? का गॅरेजात? आता तरी सांगा. मी रागवत न्हाई."

"न्हाई गं."

"मरताना तरी खरं बोलावं माणसानं."

मला मरायची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती ही बसली की मी आता मेलो तर ही बाई पुढची चाळीस वर्षं माझी शेवटची बाटली शोधत घर उकरत राहील, आणि लेकरांना सांगेल की तुमचा बाप शपथ मोडून मेला. एकवीस दिवस मी सुळावर काढले होते. ते एकवीस दिवस कुणाच्याच हिशेबात राहणार नव्हते.

"भाभी," मिस्तरी मागं न बघता म्हणाला, "हा सकाळपास्नं माझ्याकडं हुता. थेट पाहुणे येईस्तोवर. प्याला न्हाई."

"तू नगं सांगू," भाऊ उसळला. "दोस्ताची बाजू घेतोस."

"मी कशाला बाजू घेऊ? रॉकेल भेसळीचं डिझेल नाकानं वळखतो मी, दारू न्हाई वळखणार?"

"मग आता वास येतोय का न्हाई त्याला? खरं सांग. येतोय का न्हाई?"

मिस्तरीनं गिअर पाडला. जीप एका खड्ड्यातून निघाली, दुसऱ्यात पडली. मग तो अगदी अदबीनं म्हणाला, "येतोय, दादा. पर तोच वास तुमच्याबी तोंडाला येतोय. रोजच येतो."

भावानं चालत्या जीपमधून उडी मारली नाही, त्याला कारण त्याच्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं होतं. बायकोचं बोट माझ्या मनगटावर थबकलं, ते मला कळलं.

डॉक्टरनं मला टेबलावर घेतलं, पाय उंच केले, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, रक्तदाबाचा पट्टा तीनदा आवळला आणि तीनदा मान हलवली. मग बायकोला म्हणाला, "चोरून द्यायची नाही असं मी सांगितलं होतं."

"सांगून दिली असती तर घेतली असती का त्यांनी?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी पंख्याकडं बघायला लागलो.

"सकाळपासून पोटात काय काय गेलं?" त्यानं भावाला विचारलं.

"भाकरी. वरण. च्या. आसव."

"कसलं आसव?"

दुपारचा डोस चुकू नये म्हणून भावाच्या कोपरीच्या खिशात छोटी बाटली कायम असे. त्यानं ती काढून दिली. डॉक्टरनं चष्मा वर सारून लेबलाची खालची, मुंगीच्या पायाएवढी ओळ वाचली. मग बूच काढून हुंगलं.

"किती दिलं?"

"फुलपात्र. पर ते औषध हाय."

"औषध आहेच. पण हे आंबवून करतात, त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. इथं लिहिलंय. दुसऱ्या कुणाला चार चमच्यांनी काही होणार नाही. या गोळीवर मात्र हे आणि दारू सारखंच. आठ दिवस रोज थोडं थोडं लागत असणार यांना, आज एकदम बसलं."

भावानं लेबलाकडं वाकून बघितलं. मग म्हणाला, "मी बी घेतो. दोन टायमाला."

"किती वर्षं?"

"बारा."

डॉक्टरनं बाटलीला बूच लावलं आणि ती त्याच्या हातात परत दिली. भाऊ बाकावर बसला. त्यानं विभूतीच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, ते पुसले जातायत हे त्याच्या लक्षात आलं नाही. आमच्या घराण्यात बारा वर्षं एकही दिवस खाडा न करता पिणारा माणूस एकच निघाला, आणि तो मी नव्हतो. मला हसू आलं. हसता हसता मी पुन्हा ओकलो, आणि डॉक्टरनं मला हसायची बंदी केली.

भाऊ उठून माझ्याजवळ आला. त्यानं पायाकडची चादर ओढून नीट केली आणि घरी फोन करायला बाहेर गेला. आमच्या शेजारच्या एसटीडीवाल्यानं धावत जाऊन निरोप दिला. पाहुणे बसले होते म्हणे, जेवलेही, आणि सुपारी पुढच्या आठवड्यात फोडू म्हणून गेले. ती फुटलीही, पण ताट भावानं त्या जीपची आठवण ठेवून मिस्तरीच्या बायकोच्या हातात दिलं होतं.

दवाखान्यात आम्ही दोघंच उरलो. नाडी जागेवर आली होती, अंगाचा लाल रंग उतरून मी पुन्हा माणसासारखा काळा दिसायला लागलो होतो. बायको सलाईनच्या थेंबांकडं बघत बसली होती.

"आठ दिस," ती म्हणाली, "रोज सकाळी तुमचं तोंड लाल व्हायचं. रोज मी म्हणायचे, आज बी प्याले. हजेरीत कसं घावत न्हाई म्हणून दादांच्या नाकाला बी दोष दिला मी."

"मग कडी कावून लावू दिली न्हाईस?"

तिनं सलाईनची नळी माझ्या कोपराखालून सोडवून सरळ केली.

मी उठून बसलो. आता माझी पाळी होती असं मला वाटलं. एकवीस दिवस, तो बार, ती ट्रंक, मॅटॅडोरचा गिअरबॉक्स, सगळं मी तिच्यापुढं मांडलं. सलाईनच्या बाटलीवर हात ठेवून शपथ घेतली. पुढच्या सात जन्मांत तर नाहीच, पण मागच्या सात जन्मांत प्यायलो असेन तर तीही परत करीन, इथपर्यंत गेलो. आवाज चांगला लागला होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट रडला. शेवटी मी विचारलं, "आता तरी माझ्यावर इस्वास ठिवशील ना?"

तिनं पदरानं माझ्या हनुवटीला लागलेलं पुसलं.

"उद्यापास्नं गोळी वाटीशेजारी ठिवते," ती म्हणाली. "वरणात न्हाई."